कोकण किनाऱ्यावर मिलिमीटर लहरींची लिंक उभारताना : हवा, पाऊस आणि खारा वारा

खाडीच्या दोन तीरांवरच्या दोन गावांमध्ये इंटरनेटची जोडणी करायची झाली, तर कोकणात फायबर बहुतेक वेळा वरच्या अंगाला असलेल्या पुलापर्यंत नेऊन पुन्हा खाली आणावी लागते. समोरच्या तीरावरचे देऊळ उघड्या डोळ्यांनी दिसत असते, पण जमिनीवरून तेथे पोहोचायला वीस-पंचवीस किलोमीटरचा वळसा पडतो. हवेतून तेच अंतर एक-दोन किलोमीटर भरते. म्हणूनच ६० किंवा ८० गिगाहर्ट्झवर चालणाऱ्या लहान डिशच्या जोडीने ही दरी ओलांडण्याचा विचार आता अनेक जण करू लागले आहेत. अशा लिंकमधून सेकंदाला एक गिगाबिट किंवा त्याहून अधिक माहिती जाऊ शकते. मात्र ५.८ गिगाहर्ट्झच्या नेहमीच्या लिंकला ज्या हवेची फारशी पर्वा करावी लागत नाही, तीच हवा या लिंकच्या बाबतीत निम्म्याहून अधिक निर्णय आपल्या वतीने घेऊन टाकते. पहिल्यांदाच हे काम हाती घेणाऱ्यांना कोणत्या क्रमाने काय तपासावे आणि काय मोजावे, हे कळावे म्हणून हा लेख लिहीत आहे.

३० ते ३०० गिगाहर्ट्झ या पट्ट्यातील लहरींची लांबी १० ते १ मिलिमीटर असते, म्हणून त्यांना मिलिमीटर लहरी म्हणतात. भारतात २०२२ च्या लिलावात ५जी साठी दिलेला २६ गिगाहर्ट्झचा बँड काटेकोरपणे या व्याख्येत बसत नाही, तरी व्यवहारात त्यालाही हेच नाव दिले जाते. या लहरींची ओळख आपल्या देशाला फार जुनी आहे. जगदीशचंद्र बसू यांनी १८९० च्या दशकात कोलकात्यात सुमारे पाच मिलिमीटर लांबीच्या लहरींपर्यंत प्रयोग केले होते, म्हणजे आज आपण ज्याला ६० गिगाहर्ट्झचा बँड म्हणतो, नेमक्या तेथपर्यंत ते पोहोचले होते.

पुढील सर्व हिशेब डेसिबेलमध्ये आहे. तीन डेसिबेल घट म्हणजे शक्ती निम्मी होणे, दहा डेसिबेल म्हणजे दहावा हिस्सा उरणे आणि तीस डेसिबेल म्हणजे हजारावा हिस्सा उरणे, एवढे लक्षात ठेवले तरी पुढचे सारे समजेल.

पहिली पायरी : बँड निवडताना कोरड्या आणि दमट हवेचा विचार

पाऊस नसतानाही हवा सिग्नल खाते. ६० गिगाहर्ट्झच्या आसपास ऑक्सिजनचे रेणू लहरींची ऊर्जा शोषून घेतात आणि समुद्रसपाटीला ही घट किलोमीटरमागे सुमारे १५ डेसिबेल इतकी असते. उंच डोंगरावर हवा विरळ असल्यामुळे ती थोडी कमी होते, पण आपण किनाऱ्यावर आहोत, त्यामुळे पूर्ण १५ धरावे लागतात. याचा एक फायदाही आहे : सिग्नल दूरवर जात नसल्यामुळे शेजारच्या लिंकचा त्रास जवळजवळ होत नाही. वाडीतल्या दोन इमारती, शाळा आणि ग्रामपंचायत, बंदरावरचे कार्यालय आणि बर्फाचा कारखाना अशा तीन-चारशे मीटरच्या जोडण्यांना ६० गिगाहर्ट्झ उत्तम आहे. खाडी ओलांडायला मात्र तो घेऊ नये.

७१ ते ७६ आणि ८१ ते ८६ गिगाहर्ट्झ या जोडबँडला ई-बँड म्हणतात. येथे ऑक्सिजनचा जोर ओसरलेला असतो. साधारण प्रमाणित हवेत, म्हणजे घनमीटरमागे ७.५ ग्रॅम बाष्प असताना, एकूण घट किलोमीटरमागे अर्ध्या डेसिबेलच्या आतबाहेर राहते. पण उपकरणांच्या माहितीपत्रकातील हा आकडा कोकणाला जसाच्या तसा लागू होत नाही. तापमान ३० अंश आणि सापेक्ष आर्द्रता ८० टक्के असताना आपल्या हवेत घनमीटरमागे सुमारे २४ ग्रॅम बाष्प असते, म्हणजे प्रमाणित हवेच्या तिप्पट. मे महिन्याच्या अखेरीस अंगाला घाम चिकटून राहतो, त्या दिवसांत ८० गिगाहर्ट्झवर वायूंमुळे होणारी घट किलोमीटरमागे एक डेसिबेलच्या आसपास धरावी. हा आकडा लहान आहे आणि एकट्याने लिंक पाडत नाही, पण हिशेबात तो नसेल तर पुढे सिग्नल कमी का येतो हे शोधण्यात दोन दिवस जातात.

३०० गिगाहर्ट्झपर्यंतच्या पट्ट्यात पाण्याच्या वाफेचे स्वतःचे शोषण २२.२ आणि १८३.३ गिगाहर्ट्झला शिखर गाठते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सव्वा सेंटिमीटर लहरीचा रडार तयार झाला, तेव्हा तो या २२ गिगाहर्ट्झच्या अगदी जवळ येऊन बसला होता आणि दमट हवेत त्याची नजर आखूड पडली.

बँडसाठी परवाना लागतो की नाही, हे बँडनुसार आणि काळानुसार बदलते. उपकरणाची ऑर्डर देण्यापूर्वी दूरसंचार विभागाचे त्या वेळचे नियम पाहून घ्यावेत. दुकानात उपकरण मिळते म्हणजे ते वापरायची मोकळीक आहे, असे समजू नये.

दुसरी पायरी : पाऊस मिनिटांत मोजणे

या संपूर्ण लेखातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट येथे सांगतो, कारण बहुतेक लिंक याच ठिकाणी फसतात. आपण कोकणातले लोक पाऊस दिवसावर आणि हंगामावर मोजतो. ‘काल दोनशे मिलिमीटर झाला’, ‘यंदा सरासरी गाठली’ ही आपली भाषा. शेतीला आणि नदीला ती योग्य आहे. लिंकला मात्र दिवसभरात किती पडला याच्याशी काहीही कर्तव्य नसते. या क्षणी, या दोन डिशच्या मधल्या हवेत, तासाला किती मिलिमीटर या वेगाने पडतो आहे, एवढेच तिला कळते.

एक उदाहरण घेऊ. चोवीस तासांत २०४.५ मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पाऊस झाला, की हवामान विभाग त्याला सर्वांत वरच्या वर्गात टाकतो. असा सारा पाऊस दिवसभर अगदी एकसारखा पडला असे मानले, तर त्याचा वेग ताशी साडेआठ मिलिमीटर भरतो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या सूत्रानुसार ८० गिगाहर्ट्झवर या वेगाला किलोमीटरमागे साडेपाच डेसिबेलच्या आसपास घट होते. एक किलोमीटरची लिंक ती सहज सोसते. उलट, उघडीप असलेल्या दिवशी दुपारी एक सर आली, दहा मिनिटे ताशी १०० मिलिमीटरच्या वेगाने कोसळली आणि निघून गेली, तर दिवसाची नोंद जेमतेम १७ मिलिमीटर होईल, वर्तमानपत्रात तिचा उल्लेखही येणार नाही, पण त्या दहा मिनिटांत किलोमीटरमागे ३१ डेसिबेल गेलेले असतील. आषाढातील संततधार पाहून घाबरू नये, पण मृगाच्या पहिल्या सरी, मध्येच उसळणारे झोडपे आणि हस्ताचा गडगडाटी पाऊस यांचा मान ठेवावा.

हेच सूत्र ८० गिगाहर्ट्झसाठी ताशी १० मिलिमीटरला सुमारे ६, २५ ला साडेअकरा आणि ५० ला १९ डेसिबेल प्रति किलोमीटर देते. ६० गिगाहर्ट्झवर ताशी १०० मिलिमीटरला २९ डेसिबेल, २८ गिगाहर्ट्झवर सुमारे १८, आणि आपल्या ओळखीच्या ५.८ गिगाहर्ट्झवर सगळी मिळून एका डेसिबेलच्या आसपास घट होते. जुन्या लिंकने कधीच तक्रार केली नाही म्हणून नवीही करणार नाही, हा समज या शेवटच्या आकड्यामुळेच निर्माण होतो.

एवढा फरक का पडतो, हेही समजून घ्यावे. पावसाचा थेंब अर्ध्या मिलिमीटरपासून पाच मिलिमीटरपर्यंत मोठा असतो आणि ८० गिगाहर्ट्झची लहर पावणेचार मिलिमीटर लांब असते. लहर आणि थेंब एकमेकांच्या मापाचे झाले की थेंब तिला शोषतोही आणि भलतीकडे विखुरतोही. ५.८ गिगाहर्ट्झची लहर पाच सेंटिमीटरहून लांब असते, तिच्या दृष्टीने थेंब नगण्य असतो. शिवाय मोठा थेंब पडताना गोल राहत नाही, खालून चपटा होतो, त्यामुळे आडव्या ध्रुवीकरणाच्या, म्हणजे जिचे विद्युतक्षेत्र आडवे कंप पावते अशा, लहरीची घट उभ्यापेक्षा जास्त होते. उपकरणात निवड करता येत असेल, तर कोकणात उभे ध्रुवीकरण घ्यावे. फरक फार नाही, पण तो फुकट मिळतो.

आता हा वेग मोजायचा कसा? स्वयंचलित पर्जन्यमापक घेणे परवडत असेल, तर दर मिनिटाची नोंद ठेवणारा घ्यावा. ज्यात ०.२ मिलिमीटरला एक वाटी उलटते, त्यात ताशी १०० मिलिमीटरच्या पावसात मिनिटाला आठ-नऊ वेळा टक्टक् होते. परवडत नसेल तर मी सुरुवातीला जे केले ते करावे. सरळ उभ्या भिंतीचा, तळ आणि तोंड सारख्याच मापाचे असलेला पत्र्याचा डबा अंगणात मोकळ्यावर ठेवावा, आत स्टीलची पट्टी उभी करावी, आणि जोराची सर लागली की घड्याळ लावून सहा मिनिटे थांबावे. सहा मिनिटांत पाणी एक सेंटिमीटर चढले, तर पाऊस ताशी १०० मिलिमीटरचा आहे. तळाशी उडणारे थेंब बाहेर जाऊ नयेत म्हणून डबा निदान वीतभर खोल हवा. पहिल्यांदा हे मोजले तेव्हा मला आश्चर्य वाटले होते, कारण ज्याला आम्ही घरात ‘धो धो’ म्हणत होतो तो पुष्कळदा तीस-चाळीसच निघाला, आणि खरोखर शंभर गाठणारी सर पाच-सात मिनिटांपेक्षा जास्त टिकली नाही. एक पावसाळा अशी नोंद ठेवली, तर आपल्या वाडीबद्दल जे कळते ते कोणत्याही नकाशातून कळत नाही. किनाऱ्यावरच्या वाडीत आणि तिच्यापासून वीस किलोमीटर आत, सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेल्या वाडीत पाऊस वेगळ्या स्वभावाचा असतो.

तिसरी पायरी : कागदावर लिंक बजेट, म्हणजे सिग्नलचा जमाखर्च

डिश विकत घेण्यापूर्वी हा हिशेब वहीत मांडावा. मोकळ्या जागेतील घट काढण्यासाठी ९२.४५ मध्ये वारंवारितेच्या आणि अंतराच्या लॉगरिदमची वीसपट मिळवतात, वारंवारिता गिगाहर्ट्झमध्ये आणि अंतर किलोमीटरमध्ये. ८० गिगाहर्ट्झ आणि एक किलोमीटरला उत्तर १३०.५ डेसिबेल येते. समजा, उपकरण १५ डीबीएम (एका मिलिवॉटच्या तुलनेत डेसिबेलमध्ये मोजलेली शक्ती) सोडते आणि दोन्ही टोकांना ३० सेंटिमीटरच्या, प्रत्येकी ४३ डीबीआय लाभाच्या (सर्व दिशांना सारखे पसरण्याच्या तुलनेत एका दिशेला एकवटण्याचे माप) डिश आहेत. १५ मध्ये ८६ मिळवून १३०.५ वजा केले आणि दमट हवेचा एक डेसिबेल काढला, की समोर सुमारे उणे ३०.५ डीबीएम सिग्नल पोहोचायला हवा. सर्वांत साध्या मॉड्युलेशनवर (लहरीवर माहिती चढवण्याच्या पद्धतीवर) उपकरणाची उंबरठा-पातळी, म्हणजे ज्याखाली सिग्नल वाचता येत नाही ती पातळी, उणे ६८ डीबीएम असेल, तर आपल्या हाती ३७.५ डेसिबेलची फेड मार्जिन, म्हणजे घट सोसण्याची शिल्लक, उरते. ताशी १०० मिलिमीटरच्या सरीत ३१ जातील आणि दोन्ही डिशच्या ओल्या तोंडांवर मिळून सहाएक डेसिबेल जातील. लिंक अगदी काठावर टिकते.

आता अंतर दीड किलोमीटर करा. मोकळ्या जागेतील घट साडेतीन डेसिबेलने वाढते, ही फारशी मोठी गोष्ट नाही. पण पावसाची घट अंतराच्या प्रमाणात वाढून ४६ होते आणि मार्जिन ३३.५ वर येते. ताशी ५० मिलिमीटरच्या पावसातही ही लिंक धडपणे राहत नाही. अंतर वाढले की पावसाची घट सरळ पटीत वाढते, म्हणून ‘थोडेसेच लांब आहे, डिश मोठी लावू’ हा उपाय मर्यादेतच चालतो. ६० सेंटिमीटरची डिश दोन्ही टोकांना लावून सुमारे बारा डेसिबेल मिळतात. ते शंभराच्या पावसात चारशे मीटरलाच पुरतात.

माझी एक जुनी लिंक २.४ किलोमीटरची होती. एका पुरवठादाराने दिलेल्या तक्त्यावर हे अंतर ‘तीन किलोमीटरपर्यंत योग्य’ या रकान्यात बसत होते, आणि तो तक्ता कोणत्या पावसासाठी केला आहे हे मी विचारले नाही. नोव्हेंबरपासून मे अखेरपर्यंत लिंक एकदाही पडली नाही. जूनच्या पहिल्या आठवड्यात मृगाची सर आली आणि समोरच्या तीरावरच्या गावाचे सारे जोड अकरा मिनिटे बंद झाले. नंतर वरीलप्रमाणे हिशेब केला, तेव्हा ताशी २५ मिलिमीटरचा पाऊसही तिला पुरेसा होता असे दिसले. त्या गावात ऑनलाइन परीक्षा देणारी मुले होती. तक्ता हाती आला की आधी त्यातील पावसाचा वेग विचारावा, हे तेव्हापासून मी कोणालाही पहिल्यांदा सांगतो.

मी स्वतः कोकणासाठी हिशेबात ताशी १०० मिलिमीटर धरतो आणि ८० गिगाहर्ट्झची लिंक एक किलोमीटरच्या आत ठेवतो. त्यापलीकडे जायचे असेल तर मध्ये एक टप्पा घ्यावा. वर्षाला ९९.९९ टक्के चालू राहणारी लिंक म्हणजे वर्षभरात ५३ मिनिटे बंद राहणारी लिंक. ९९.९ टक्के म्हटले की हीच वेळ पावणेनऊ तासांवर जाते, आणि आपल्याकडे हे सारे तास जून ते सप्टेंबरमध्येच येतात. ग्राहकाला टक्केवारी सांगण्यापेक्षा पावसाळ्यात किती वेळा, किती मिनिटे बंद राहील हे सांगणे प्रामाणिकपणाचे आहे.

चौथी पायरी : जागा, उंची आणि पाणी

या लहरींना मार्गात मोकळीक थोडी लागते. दोन किलोमीटरच्या लिंकच्या मध्यावर ८० गिगाहर्ट्झच्या पहिल्या फ्रेनेल पट्ट्याची, म्हणजे थेट रेषेभोवती सिग्नलला मोकळी लागणाऱ्या जागेची, त्रिज्या १.४ मीटर असते, तर ५.८ गिगाहर्ट्झला ती पाच मीटर लागते. पण जी लागते ती संपूर्ण मोकळी हवी. माडाची एक झावळी मार्गात आली आणि ती भिजलेली असली, तर लिंक संपली असे समजावे. माड वर्षागणिक वाढतो आणि वाऱ्यात डोलतो. म्हणून पाहणी करताना आजचा शेंडा न पाहता, पाच वर्षांनंतरचा आणि वाऱ्यात झुकलेला शेंडा डोळ्यांसमोर आणावा. किनाऱ्यावर लावलेल्या सुरूच्या बनालाही हेच लागू आहे. शक्य असेल तेथे सड्यावरची जागा घ्यावी, कारण जांभ्याच्या उघड्या सड्यावर झाडोरा खुजा असतो.

खाडीवरून जाणाऱ्या लिंकमध्ये पाण्यावरून परावर्तित होऊन येणारा सिग्नल थेट सिग्नलमध्ये मिसळतो आणि भरती-ओहोटीबरोबर दोघांचे नाते बदलत राहते. उधाणाच्या दिवसांत रत्नागिरीच्या किनाऱ्यावर पाणी सुमारे दोन मीटर वरखाली होते, हे येथे फार आहे, कारण लहर मिलिमीटरांत मोजली जाते. यावर उपाय सोपा आहे : उंची. दीड किलोमीटरच्या लिंकमध्ये दोन्ही डिश पाण्यापासून २० मीटर उंच असतील, तर परावर्तित किरण थेट किरणाच्या दीड अंश खालून येतो. ३० सेंटिमीटरच्या डिशचा झोत सुमारे ०.९ अंश रुंद असल्यामुळे तो किरण आपोआप बाहेर पडतो. तीच डिश जेटीच्या कठड्यावर चार मीटरवर बसवली, तर तो केवळ ०.३ अंशावरून येईल आणि झोतात सापडेल. बंदरावर वीज आणि खोली सहज मिळते म्हणून तेथे डिश बसवण्याचा मोह होतो, तो टाळावा. कोरड्या, स्वच्छ दिवशीही सिग्नल दिवसातून दोनदा ठराविक लयीत चढ-उतार करत असेल आणि ती लय रोज पाऊण तासाने पुढे सरकत असेल, तर भरतीचे वेळापत्रक काढून शेजारी ठेवावे.

हवेच्या थरांमुळे किरण वाकणे हा विषय मोठ्या अंतराच्या लिंकसाठी महत्त्वाचा आहे. समुद्रालगतची दमट हवा आणि तिच्यावरची कोरडी हवा यांच्या सीमेवर लहरी अडकून भलत्याच दूर जातात, हे किनाऱ्यावरच्या रेडिओवाल्यांना ठाऊक असते. पण एक-दोन किलोमीटरमध्ये पृथ्वीचा फुगवटाच सहा सेंटिमीटरच्या आसपास असतो, त्यामुळे नवख्याने यावर वेळ घालवू नये.

पाचवी पायरी : डिश बांधणे आणि समोरच्या डिशवर रोखणे

६० सेंटिमीटरच्या डिशचा झोत ०.४४ अंश रुंद असतो. तीन मीटर उंच पाइपाचे टोक बारा मिलिमीटर सरकले, की त्या टोकाचा सिग्नल निम्मा झाला. एवढे सरकायला सैल नटबोल्ट पुरेसा असतो. म्हणून पाइप जाड भिंतीचा घ्यावा आणि त्याला तीन बाजूंनी ताण द्यावा. गच्चीच्या कठड्याला नुसत्या पट्ट्यांनी बांधलेला पाइप या कामाला अजिबात चालत नाही. मला वाटते, एवढ्यासाठीच नवख्याने ३० सेंटिमीटरची डिश आणि कमी अंतर निवडावे.

डिश रोखताना मुख्य झोताऐवजी बाजूच्या लहान झोतावर थांबण्याची चूक फार होते, कारण तेथेही सिग्नल वाढून पुन्हा कमी होतो आणि शिखर सापडल्यासारखे वाटते. बाजूचा झोत मुख्य झोतापेक्षा वीसएक डेसिबेल कमी असतो. वहीतील हिशेब येथे कामी येतो : उणे ३०.५ अपेक्षित असताना उणे ५० वर ‘शिखर’ मिळत असेल, तर पुढे फिरवत राहावे. दोन-तीन डेसिबेलचा फरक मान्य करावा, त्याहून जास्त नाही. हे काम वारा पडलेल्या सकाळी करावे, कारण दुपारी खारा वारा सुटला की पाइप आणि हात दोन्ही हलतात.

सहावी पायरी : मीठ, धुके आणि वादळ

डिशच्या पुढच्या झाकणाला रेडोम म्हणतात. त्यावर पाण्याचा सलग पातळ थर बसला, तर काही डेसिबेल जातात. पाणी थेंबांच्या रूपाने घरंगळून गेले, तर नुकसान कमी होते. नवा रेडोम पाणी झटकतो. पण खाऱ्या वाऱ्याने मिठाचा पापुद्रा बसला की हा गुण जातो. मिठाचा आणखी एक स्वभाव आहे : सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांपुढे गेली की ते हवेतील पाणी ओढून स्वतःच ओले होते. कोकणात रात्री ही मर्यादा बहुधा ओलांडली जाते. त्यामुळे पाऊस नसतानाही पहाटे सिग्नल थोडा उतरलेला आणि उन्हे वर आल्यावर सुधारलेला दिसला, तर शिडी लावून रेडोमवरून बोट फिरवावे आणि चव पाहावी. गोड्या पाण्याने आणि मऊ फडक्याने पुसणे एवढेच काम असते. खरखरीत घासणी वापरू नये. समुद्रासमोरच्या डिशला मी दिवाळीनंतर दर महिन्याला पुसतो, पावसाळ्यात पाऊसच ते काम करतो. नटबोल्ट ३१६ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचे घ्यावेत आणि केबलच्या जोडांना स्वतःला चिकटणाऱ्या रबरी टेपचा वेढा द्यावा. साधी काळी टेप एका उन्हाळ्यात सुटते.

धुक्याची भीती बाळगू नये. पन्नास मीटरवरचे दिसेनासे करणाऱ्या दाट धुक्यातही ८० गिगाहर्ट्झवर किलोमीटरमागे दोन-अडीच डेसिबेलच जातात. आंबोलीसारख्या घाटमाथ्यावर पावसाळ्यात ढगच जमिनीवर उतरतात, तेथे हा आकडा हिशेबात घ्यावा, किनाऱ्यावर तो सोडून दिला तरी चालेल.

वादळाचा विचार मात्र सोडू नये. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले तेव्हा माड आणि पोफळी मुळासकट आडव्या झाल्या. अशा वेळी लिंक वाचवण्यापेक्षा डिश उतरवून घरात ठेवणे शहाणपणाचे, आणि त्यासाठी पाइपावर डिशची नेमकी जागा ऑइलपेंटने आधीच खुणावून ठेवावी, म्हणजे परत रोखायला तास लागतो, दिवस नाही. वैशाखातील वळिवाबरोबर येणाऱ्या विजेसाठी अर्थिंग चांगले हवे. सड्यावर जांभा असल्यामुळे ते सहज मिळत नाही, तेव्हा तांब्याची पट्टी खाली मातीपर्यंत न्यावी.

सातवी पायरी : पावसातली दुसरी वाट

चांगले उपकरण सिग्नल उतरला की मॉड्युलेशन आपोआप साधे करते. एका ठोक्यात आठ बिट नेणारी पद्धत सोडून दोन बिटांवर आले, तर वेग पाव होतो, पण लिंक जिवंत राहते. ही सोय चालू आहे याची खात्री करावी. त्याखेरीज त्याच मार्गावर ५.८ गिगाहर्ट्झची साधी लिंक शेजारी बसवून ठेवावी. मुसळधार पावसात तिचे एक-दोन डेसिबेलच जातात. गाव मोठ्या वेगाने सिनेमा पाहू शकणार नाही, पण रेशन दुकानाचे यंत्र आणि दवाखान्याचा फोन चालू राहील, आणि त्या दहा मिनिटांत तेवढे पुरेसे असते. राउटरमध्ये एका वाटेवरून दुसरीवर जाणे झटपट ठेवावे आणि मूळ वाटेवर परतणे दोन-तीन मिनिटे थांबवावे, नाहीतर सरीच्या शेवटी जोडणी सारखी इकडून तिकडे उड्या मारत राहते आणि दोन्ही वाटांचा उपयोग होत नाही.

आठवी पायरी : पहिला पावसाळा

लिंक चालू झाल्यापासून दोन्ही टोकांच्या सिग्नलची पातळी दर मिनिटाला नोंदवत राहावी. पावसाची नोंद तिच्या शेजारी ठेवली की पुष्कळ गोष्टी स्वच्छ दिसतात. पाऊस लागला की पातळी उतरते आणि थांबला की चढते, पण थांबल्यावर पंधरा-वीस मिनिटे दोन-चार डेसिबेल खालीच राहिली, तर ते ओल्या रेडोमचे आहे. पाऊस गेल्यावर एक दिवस झाला तरी पूर्ववत आली नाही, तर केबलच्या जोडात पाणी मुरले आहे. वारा असतानाच, आणि झटक्याझटक्याने घसरत असेल, तर पाइप हलतो आहे किंवा झावळी मध्ये येते आहे. सिग्नलच्या घसरणीवरून पाऊस मोजण्याचे काम २००६ मध्ये इस्राएलमधील संशोधकांनी मोबाइल टॉवरच्या लिंक वापरून करून दाखवले. आपली एक किलोमीटरची लिंक हाही तसा एक पर्जन्यमापकच आहे, आणि अंगणातल्या डब्यापेक्षा तो अधिक लांबीचा पाऊस मोजतो.

नवरात्र उलटून आकाश मोकळे झाले, की शिडीवर चढून रेडोम पुसावा, नटबोल्ट पान्याने एकदा आवळून पाहावेत आणि डिसेंबरमधल्या एखाद्या कोरड्या सकाळी दहाच्या सुमारास दोन्ही टोकांची पातळी वाचावी. तो आकडा आणि तारीख उपकरणाच्या पेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूस मार्करने लिहून ठेवावी. पुढच्या मे महिन्यात वर चढणाऱ्या माणसाला तोच पहिल्यांदा वाचता आला पाहिजे.